वडिलांच्या नावचा कोथरूडचा फ्लॅट विकून लिफ्टच्या इमारतीत जायचंय: सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात कोथरूडला १९८४ सालच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट, लिफ्ट नाही. करार वडिलांच्या एकट्याच्या नावावर. ते २०१४ मध्ये गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. नॉमिनी मुलगा (प्रश्न विचारणारे, वय ५७), म्हणून सोसायटीने शेअर सर्टिफिकेट त्याच्या नावावर करून दिलं. आई ८२ वर्षांची, गुडघ्यांमुळे जिना झेपत नाही. एक बहीण, नाशिकला. एजंट म्हणतो एक कोटी पाच लाख येतील. एक गिऱ्हाईक त्यातले पंधरा लाख रोख देऊ म्हणतंय. बाणेरला एक कोटी चाळीसपर्यंतचा फ्लॅट बघणं चालू आहे. सोसायटीत रिडेव्हलपमेंटची कुजबुजही आहे. आधी विकायचं की आधी घ्यायचं?

नमस्कार. मी तेवीस वर्षं कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात जुन्या फ्लॅटच्या खरेदी-विक्रीचं काम करते. आधी विकायचं की आधी घ्यायचं याचं उत्तर खाली देते, पण त्याआधी मला एवढंच सांगा की खरेदीखतावर सह्या कोणाकोणाच्या होणार? तुम्ही प्रश्न असा लिहिलाय की सही तुमची एकट्याची. तिथेच गाडं अडणार आहे.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला तुमचं नाव चढवलं, ते सोसायटीने कोणाशी पत्रव्यवहार करायचा एवढ्यापुरतं. मालकी कोणाची, हे वारसा कायदा ठरवतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हे स्पष्ट केलंय आणि २०१९ ला सहकार कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून नॉमिनीला ‘तात्पुरता सभासद’ असंच म्हणतात. घर वडिलांनी स्वतःच्या पैशाने घेतलेलं, मृत्युपत्र नाही, म्हणजे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आई, तुम्ही आणि बहीण यांचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा. (वडील गेले तेव्हा आजी हयात असतील तर त्यांचाही हिस्सा धरावा लागेल.) ‘बहिणीचं लग्न २००५ च्या आधी झालंय, तिला काही नाही’ असं बरेच लोक छातीठोकपणे सांगतात. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेसाठी होती. वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात मुलीचा हक्क १९५६ पासूनच आहे.

तेव्हा फ्लॅट कोणालाही दाखवायच्या आधी नाशिकला जाऊन या. फोनवर नको आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नको. माझ्यासमोर अशी बैठक झालेली मी पाहिली आहे. विसार घेऊन झाला होता, गिऱ्हाइकाचं बँकेचं लोन मंजूर होतं आणि मग भाऊ बहिणीला म्हणाला, “ताई, एक सही लागतेय, बाकी काही नाही.” ताई शिकलेल्या, स्वतः नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “एक सही म्हणजे कशावरची रे?” पैशांचा आग्रह त्यांनी पुढेही धरला नाही, पण आधी विचारलं नाही हे मनाला लागलं ते लागलंच. सही मिळायला चार महिने गेले. गिऱ्हाईक दोन महिन्यांत निघून गेलं होतं.

बहिणीपुढे मार्ग दोन आहेत. तिला हिस्सा नको असेल तर हक्कसोडपत्र. ते नोंदणीकृतच लागतं, नोटरीच्या कागदाचा इथे उपयोग नाही. हिस्सा हवा असेल तर तिने तुमच्या आणि आईच्या बरोबरीने विक्रेती म्हणून सही करायची आणि तिच्या वाटणीचे पैसे थेट तिच्या खात्यात घ्यायचे. मला विचाराल तर दुसरा मार्ग जास्त स्वच्छ. फक्त तुमचं गणित बदलतं. एक कोटी पाच लाखांतले पस्तीस लाख बहिणीचे, उरले सत्तर. बाणेरच्या एक कोटी चाळीसच्या घराला मुद्रांक शुल्क ७ टक्के (५ टक्के मूळ, १ टक्का स्थानिक संस्थेचा आणि १ टक्का मेट्रोचा) म्हणजे नऊ लाख ऐंशी हजार, वर नोंदणी फी तीस हजार. एजंटची दलाली आणि हलवाहलव वेगळी. ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क धरत नाही. तुम्हाला एवढं कर्ज लागणारही नाही, पण ५७ व्या वर्षी परतफेडीची वर्षं कमी मिळतात आणि हप्ता मोठा बसतो. थोडक्यात, बहीण काय म्हणते यावर तुम्ही बाणेरला घर बघायचं की सूस-पाषाणला, की कोथरूडमध्येच लिफ्टवाला लहान फ्लॅट, हे ठरणार आहे. आत्ता बघताय ती घरं बघायची वेळ अजून आलेली नाही.

आता कागद. एखाद्या रविवारी दुपारी जेवणाचं टेबल मोकळं करा आणि वडिलांची फाइल उघडा. १९८४ ची फाइल कशी असते ते मला पाठ आहे: गंजलेली टाचणी, बिल्डरचा जांभळा शिक्का, वर पाच रुपयांचा स्टॅम्प पेपर. पाच रुपये बघून तुमचा खरेदीदार दचकेल, त्याच्या बँकेचा वकीलही दचकेल. घाबरू नका. ताब्यासकटच्या अशा करारांवर खरेदीखताएवढं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात १० डिसेंबर १९८५ पासून लागू झालं, तुमचा करार त्याआधीचा. खरा प्रश्न नोंदणीचा. कराराची पानं उलटी करा. मागच्या बाजूला दुय्यम निबंधकाचा शिक्का, दस्त क्रमांक, नोंदणीची तारीख आहे का? सोबत नोंदणीची पावती आहे का? असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर एजंटच्या आधी वकील गाठा. त्या काळात कित्येक करार नोंदणीला गेलेच नाहीत, आणि त्यावर काय करायचं हे बिल्डर हयात आहे का, सोसायटीकडे काय नोंदी आहेत यावर ठरतं.

फाइलमध्ये अजून लागणारे कागद म्हणजे मूळ शेअर सर्टिफिकेट, बिल्डरला दिलेल्या पैशांच्या पावत्या, ताबा पावती, महापालिकेचा पूर्णत्वाचा दाखला (नसेल तर सोसायटीच्या कपाटात असतो), वडिलांचा मृत्यूचा दाखला, चालू मिळकत कराची आणि महावितरणची बिलं. मृत्यूच्या दाखल्यातलं नाव आणि करारातलं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का तेही बघा. करारात ‘दत्तात्रय’ आणि दाखल्यात ‘दत्तात्रेय’ एवढ्यावरून बँकेने प्रतिज्ञापत्र मागितलेलं मी पाहिलंय. वारस किती आणि कोण, यासाठी काही बँका दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला मागतात, काही प्रतिज्ञापत्र आणि वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीवर भागवतात. न्यायालयाच्या दाखल्याला महिने लागतात. वडिलांचं मृत्युपत्र असतं तर गोष्ट वेगळी होती. पुण्यात प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्रावर न्यायालयाची मोहोर घेण्याची सक्ती नाही, पण मृत्युपत्र नसलं की सगळे वारस एका टेबलाशी बसवावे लागतात.

एक फसगत सांगते, माझी स्वतःचीच. दहाएक वर्षांपूर्वी कर्वेनगरला एक ‘दीड बेडरूम’चा फ्लॅट विकायला घेतला. मालकांनी टेरेस बंद करून छान खोली केलेली. खिडक्या, पंखा, मुलाचं अभ्यासाचं टेबल. मी त्या खोलीसकट भाव सांगितला, गिऱ्हाइकाला पटला, साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) झालं. बँकेचा व्हॅल्युअर आला, मंजूर नकाशा उघडला आणि ती खोली हिशेबातून काढून टाकली. मूल्यांकन घसरलं, कर्ज सहा लाखांनी कमी झालं, आणि ते सहा लाख कोणी सोसायचे यावरून शेवटच्या आठवड्यात दोन्ही घरांत भांडणं. अखेर अर्धे-अर्धे झाले आणि माझी दलाली मीच सोडली. तेव्हापासून कुठल्याही फ्लॅटमध्ये शिरले की आधी नकाशा मागते, चहा नंतर. तुमच्याकडे टेरेस किंवा बाल्कनी बंद केली असेल तर ते गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगा आणि भाव नकाशाप्रमाणेच धरा.

भावाचं म्हणाल तर एजंटने सांगितलेला आकडा ही अटकळ असते. (मीही एजंटच आहे, म्हणून सांगते.) पोर्टलवरचे आकडे हे विकणाऱ्यांचे मनोरथ. झालेले व्यवहार नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये दिसतात. तुमच्या गल्लीतल्या गेल्या दोन वर्षांतल्या दस्तांचे इंडेक्स टू (दस्ताचा नोंदणी विभागाने दिलेला सारांश) काढा आणि रक्कम भागिले कार्पेट, म्हणजे भिंती वगळून आतलं क्षेत्रफळ करा. जुन्या करारात क्षेत्रफळ बिल्टअप लिहिलेलं असतं, तेव्हा ७२० फुटांचा फ्लॅट कार्पेटमध्ये सहाशेच्या आसपास उतरतो. टेप घेऊन एकदा मोजा. दुसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही याचा भाव कापला जाणारच. ज्याला लहान मूल आहे आणि ज्याचे आईवडील सोबत राहतात, ते गिऱ्हाईक जिना बघूनच परत जातं. आणि पितृपक्षात जाहिरात देऊ नका. तुम्ही मानत नसाल, पण गिऱ्हाईक मानतं. घटस्थापनेपासून फोन सुरू होतात. उलट स्वतः घर घ्यायचं असेल तर पितृपक्षातच बोलणी करा. विकणारा नरमलेला असतो.

पंधरा लाख रोख. नको. नैतिकता बाजूला ठेवली तरी तुम्हाला ते परवडत नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड आहे. घेणारे तुम्ही. त्यात तुम्ही लगेच दुसरं घर घेणार. तिथे बँक, मुद्रांक शुल्क, कर्ज सगळं पांढऱ्यात, तिथे या पंधरा लाखांचं काय करणार? बहिणीचा हिस्सा रोखीत कसा मोजणार? ज्यांना दुसरं घर घ्यायचंय त्यांना रोख रक्कम नुसती अडचण होते. त्या गिऱ्हाइकाला सांगा, नव्वद पांढरे आणि पंधरा रोख देण्यापेक्षा एक कोटी एक पांढरे दे. देणार नाही, पण विषय संपेल.

रिडेव्हलपमेंटबद्दल. तुमच्या भागात प्रत्येक चौथ्या इमारतीत चर्चा आहे आणि चर्चेचे पैसे मिळत नाहीत. तुमच्या सेक्रेटरींना तीन गोष्टी विचारा. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे कन्व्हेअन्स किंवा (बिल्डर करून देत नसेल तर निबंधकांकडून मिळवलेलं) मानीव अभिहस्तांतरण होऊन मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव लागलंय का? ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात सांगितलेली सभा, निबंधकांच्या प्रतिनिधीसमोरची, झाली का आणि ५१ टक्के सभासदांची संमती मिळाली का? विकसकाशी करार नोंदवला गेला का? पहिल्याचंच उत्तर ‘प्रोसेसमध्ये आहे’ आलं तर अजून बरीच वर्षं आहेत. करार नोंदवला जाईपर्यंत भावात फार फरक पडत नाही, थोडा पडतो. खरा फरक पडल्यावर विकायचं तर तोपर्यंत आईने जिना चढायचा. ८२ व्या वर्षी हा हिशेब मी मांडणारही नाही. बांधकाम चालू असताना दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात राहणं हेही त्यात आलंच.

आता तुमचा मूळ प्रश्न. आधी विका, पण ताबा उशिरा द्या. आधी घेतलंत तर नव्याचा हप्ता चालू आणि जुन्याला गिऱ्हाईक मिळेना, मग मिळेल त्या भावात विकायची घाई. असं होऊन पाच-सात लाख कमी घेतलेली माणसं मला ठाऊक आहेत. तुमच्या गिऱ्हाइकाशी साठेखत करताना ताब्याची तारीख चार महिन्यांनंतरची घाला. लोनवाल्या गिऱ्हाइकाला बँकेचे सोपस्कार व्हायला तसाही दीड-दोन महिने लागतात. आपल्याकडे साठेखत नोंदवताना पूर्ण मुद्रांक शुल्क भरलं जातं, नंतरच्या खरेदीखताला ते पुन्हा पडत नाही, म्हणून गिऱ्हाईकही साठेखतानंतर सहसा पळत नाही. विसार पावतीवर मात्र भरवसा ठेवू नका. एक्कावन्न हजार देऊन फ्लॅट अडवून ठेवणारे आणि महिन्याने ‘बायकोला वास्तू पटली नाही’ म्हणणारे पुष्कळ. पावतीत साठेखताची तारीख लिहा, साधारण पंधरा दिवस, आणि तोवर झालं नाही तर विसाराचं काय, तेही तिथेच लिहा. नवीन घर चार महिन्यांत हाती नाही आलं तर? गिऱ्हाईक गुंतवणूकदार असेल तर त्याच्याकडूनच तीन महिने भाड्याने राहण्याची बोली आधीच करून घ्या. त्याचा लिव्ह अँड लायसन्स करार रीतसर नोंदवायचा, ओळखीवर सोडायचा नाही.

साठेखतात तुम्ही तिघं विक्रेते असाल तर पैसे तिन्ही खात्यांत कसे जाणार ते लिहा. व्यवहार पन्नास लाख किंवा त्याहून मोठा असल्याने गिऱ्हाईक १ टक्का टीडीएस (तुमच्या नावे आगाऊ कापलेला आयकर) कापेल, तो तिघांच्या पॅनवर आपापल्या हिश्श्याप्रमाणे भरला गेला पाहिजे. बाणेरच्या घरासाठी हेच काम तुम्हाला करायचंय. विकणारा परदेशात राहत असेल तर टीडीएसचं प्रकरण फार वेगळं आणि मोठं आहे, ते सीएकडूनच करून घ्या.

कर. वडिलांनी घर २००१ च्या आधी घेतलंय म्हणून मूळ किंमत म्हणून १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते, मात्र तेव्हाच्या मुद्रांक मूल्याच्या वर नाही. नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून त्याचा अहवाल घ्या. समजा ती नऊ लाख निघाली. विक्री एक कोटी पाच. महागाईचा निर्देशांक न लावता नफा ९६ लाख, त्यावर १२.५ टक्के म्हणजे बारा लाख. निर्देशांक लावून (२०२५-२६ चा ३७६ धरला तर) नऊ लाखांचे चौतीस होतात, नफा ७१ लाखांवर येतो, पण दर २० टक्के, म्हणजे सव्वाचौदा लाख. २३ जुलै २०२४ च्या आधीपासूनच्या घरांना यातला सोयीचा पर्याय निवडता येतो, आणि या आकड्यांत निर्देशांक न लावणंच स्वस्त पडतं. जुने सीए अजून सवयीने निर्देशांक लावतात, दोन्ही करून बघायला सांगा.

हा कर तिघांत विभागला जातो आणि वाचवायची वाटही तिघांची वेगळी. विक्रीच्या एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांच्या आत दुसरं राहतं घर घेतलं आणि नफ्याएवढी रक्कम त्यात घातली तर कर लागत नाही. तुमचं तसं होईल. बहिणीला घर घ्यायचं नसेल तर सहा महिन्यांच्या आत आरईसी, पीएफसीसारख्या सरकारी कंपन्यांचे बॉन्ड घेता येतात, ५० लाखांपर्यंत, पैसे पाच वर्षं अडकतात. विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत घर घेऊन झालं नाही तर रक्कम बँकेच्या कॅपिटल गेन खात्यात ठेवायची, साध्या बचत खात्यात नाही. आणि आई? आईच्या हिश्श्याचा नफा तिच्याच नावच्या घरात गेला तर तिचा कर वाचतो. म्हणजे बाणेरच्या घरावर आईचं नाव हवं. ते लागलं की उद्या, देव करो आणि लांबचं असो, आईच्या त्या हिश्श्याला पुन्हा तुम्ही दोघं वारस. म्हणून घर घेतल्याच्या महिन्यातच आईचं मृत्युपत्र करा, बहिणीला माहीत असताना. एक गैरसमज इथेच काढते: महिलांना मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे ती खरेदीदार फक्त महिला असतील तरच. आई आणि तुम्ही एकत्र घेतलंत तर पूर्ण ७ टक्के.

बाणेरचं घर निवडताना पहिला प्रश्न विचारा: ही सोसायटी की अपार्टमेंट? पुण्यात असंख्य इमारती १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत आणि तिथल्या रहिवाशांनाही कित्येकदा ते माहीत नसतं, सगळे ‘सोसायटी’च म्हणतात. अपार्टमेंट असेल तर शेअर सर्टिफिकेट नसतं. बिल्डरचं घोषणापत्र आणि विकणाऱ्याच्या नावचं नोंदणीकृत डीड ऑफ अपार्टमेंट लागतं. डीड झालंच नाही, नुसत्या करारावर पंधरा वर्षं राहतात, अशी घरं बाणेरला भरपूर सापडतील. ते डीड विकणाऱ्याने बिल्डरकडून करून घेऊन मग विकावं, तुम्ही ते गळ्यात घेऊ नका. सोसायटी असेल तर हस्तांतराचा प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त पंचवीस हजार, वरचं ‘डोनेशन’ देणं बंधनकारक नाही. तुमच्या विक्रीच्या वेळी तुमच्या सोसायटीलाही हाच नियम.

पार्किंग करारात लिहिलंय का बघा. खाली गाडी लावतात म्हणजे जागा त्यांची असं नाही, आणि उघडी पार्किंगची जागा विकता येत नाही. पाण्यासाठी कोणाच्या शब्दावर जाऊ नका. मागच्या एप्रिल-मेच्या टँकरच्या खर्चाचा हिशेब कमिटीकडून मागा, ‘पाणी भरपूर आहे’ म्हणणाऱ्या इमारतीत तो आकडा बोलका असतो. रामनदी किंवा मुळेच्या काठची इमारत असेल तर नकाशावर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते बघा. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली गेल्या, तो पूर लोक विसरायला लागलेत. घर एकदा संध्याकाळी सातला बघा, बाणेर रोडवरून तिथपर्यंत स्वतः गाडी चालवत जाऊन. आईसाठी जाताय तर लिफ्ट किती, जनरेटरवर चालते का, आणि दारातून स्ट्रेचर आत जाईल एवढी मोठी आहे का. हे विचारायला लोक कचरतात, तुम्ही विचारा.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात मी तुम्हाला जायला सांगणार नाही, आईचं वय बघता. तरीही मोह झालाच तर ५ टक्के जीएसटी वर धरा (पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला किंवा जुन्या फ्लॅटला तो नाही), महारेराच्या संकेतस्थळावर ताब्याची तारीख स्वतः वाचा, आणि करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांवर एक रुपया देऊ नका. तसा कायदाच आहे.

विकणाऱ्यावर कर्ज असेल तर त्याच्या बँकेचं फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती बाकी ते सांगणारं पत्र) आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी आधी मागा. पैसे तुमच्या बँकेने थेट त्याच्या कर्जखात्यात भरावेत. कर्ज फिटल्यावर बँकेने तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायला हवेत, नाहीतर दिवसाला पाच हजार भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. विकणाऱ्याच्या बँकेतल्या माणसाला तो ऐकवला की कागद लवकर सापडतात.

ताबा घेतल्यावर मिळकत कर नावावर करताना एक गोष्ट बहुतेकजण विसरतात. स्वतः राहत असाल तर पुणे महापालिका मिळकत करात ४० टक्के सवलत देते, पण त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. आधीच्या मालकाने घर भाड्याने दिलं असेल तर बिल सवलतीविना येत राहील आणि तुम्ही मुकाट्याने भरत राहाल.

शेवटी नोंदणीचा दिवस. हवेलीच्या, म्हणजे पुण्याच्या तालुक्याच्या कुठल्याही दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवता येतो, तेव्हा लिफ्ट असलेलं किंवा तळमजल्यावरचं कार्यालय निवडा. वयस्कर माणसांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. आयुष्यभर भांडी घासून, भाकरी थापून रेषा पुसट झालेल्या असतात. ऑपरेटर पुन्हा पुन्हा अंगठा दाबायला लावतो आणि आजी ओशाळून इकडेतिकडे बघायला लागतात. घरून निघताना आईच्या बोटांना थोडं खोबरेल चोळा आणि तिथे आत शिरायच्या आधी कोरडी पुसा, बऱ्याचदा ठसा उमटतो. आईला बाहेर पडणंच शक्य नसेल तर गृहभेटीचा अर्ज करा. ठरलेली फी भरली की निबंधक घरी येऊन सही-अंगठा घेतात, दोन साक्षीदार तुम्ही तयार ठेवायचे. आईकडून तुमच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून घेण्यापेक्षा मला हा मार्ग बरा वाटतो, कारण नाशिकहून आलेली बहीणही तेव्हा त्याच खोलीत बसलेली असेल.